अर्थशून्य म्हणणारी सत्यवती, गाणं ऐकणारी जरीना

साठच्या दशकातल्या संगीत नाटकांचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेनेच जातात. आधी वसंतराव देशपांडे, मग रामदास कामत, मग अभिषेकीबुवांच्या चाली, मग प्रसाद सावकार, भालचंद्र पेंढारकर, राम मराठे, तेवढ्यात कुणीतरी 'घेई छंद मकरंद' गुणगुणायला लागतं आणि सगळे त्यातच रमतात. रमावंच, ही माणसं होतीच तेवढ्या ताकदीची. पण त्याच नाटकांत त्यांच्यासमोर उभ्या राहून गाणाऱ्या, भांडणाऱ्या, सोसणाऱ्या बायका होत्या ना, त्यांची नावं यायला फार वेळ लागतो आणि आली तरी "हो हो, आवाज गोड होता" एवढ्यावर विषय मिटतो. मला हे मनापासून लागतं. आवाज गोड होता हे काय सांगणं झालं? गोड आवाज रेडिओवर बसूनही गाता येतो. ह्या बायका रंगभूमीवर उभ्या होत्या, त्यांना एक माणूस उभा करायचा होता, आणि त्याच माणसाच्या गळ्यातून गाणं काढायचं होतं. त्या दहा वर्षांत संगीत नाटकात जे नवेपण आलं ते जेवढं नव्या चालींनी आणलं तेवढंच ह्या बायकांनी आणलं असं माझं ठाम मत आहे.

माझं माहेर सांगली आणि सासर सातारा, त्यामुळे नाटकाचा अभिमान मला दोन्हीकडून मिळालाय. सांगलीत तर तो हवेतच असतो. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीतास्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, देवल आमच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्व नागठाण्याचे, ही यादी शाळेत असल्यापासून पाठ असते. पण मोठी होत गेले तशी ह्या यादीत मला एक गोष्ट टोचायला लागली की ह्यात बाई कुठेय? देवलांचं 'शारदा' १८९९ चं, पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी पोर, तिचं दुःख ऐकून त्या काळातल्या बायका थिएटरात रडल्या असतील, पण स्टेजवर ती पोर म्हणून उभा असायचा तो एक मुलगाच. आपल्याकडे बाईचं दुःखसुद्धा कितीतरी वर्षं पुरुषांनीच बोलून दाखवलं.

म्हणून मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांचं नाव मी आधी घेते. त्या १९०५ च्या, म्हणजे त्यांचं काम आपल्या दशकाच्या फार आधीचं. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी मैफिलीची गायिका म्हणून नाव कमवते आणि नंतर भावंडांना घेऊन स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्वतः करायला उभी राहते, हे त्या काळात किती धाडसाचं असेल ह्याचा आज अंदाजही येत नाही. मग १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा', त्यात ज्योत्स्नाबाई भोळे, मग १९४२ ला 'कुलवधू' आणि 'बोला अमृत बोला', अशी ती वाट रुंद होत आली. १९६० उजाडेपर्यंत बाईचं काम बाईनेच करायचं ह्यात कुणाला नवल राहिलं नव्हतं. नवल वाटावं असं पुढे घडलं, म्हणजे त्या कामाचा दर्जाच बदलला.

ते कसं ते सांगायचं तर आधी जुनी पद्धत सांगायला हवी. जुन्या नाटकात पद आलं की नाटक थांबायचं. नट पुढे यायचा, ऑर्गनवाल्याकडे एक नजर, मग पद सुरू, आलापी, ताना, लोकांचा वन्समोअर, परत तेच पद, आणि समोरचं पात्र तोवर आपलं उभं. मला ह्या पद्धतीचा राग नाही, त्यात एक वेगळाच सोहळा होता आणि लोक पहाटेपर्यंत बसायचे ते त्यासाठीच. पण त्यात बाईच्या भूमिकेचं नुकसान व्हायचं. ती आत्ता रडत होती, लगेच ताना घेतेय, मग परत रडणार, मधला धागा गेलाच. जितेंद्र अभिषेकींनी १९६४ ला 'मत्स्यगंधा'ला संगीत दिलं तेव्हा त्यांनी पदं आटोपशीर केली, प्रसंग काय आहे, बोलणारं माणूस कोण आहे, ते बघून चाल बांधली. हे सगळे लिहितात. पण चाल नुसती बांधून भागत नाही, ती चाल भूमिकेतून न निसटता म्हणणारं कुणीतरी लागतं, ते कुणी केलं हे लिहायचं मात्र राहून जातं.

ते आशालता वाबगावकरांनी केलं. गोव्याची मुलगी, 'मत्स्यगंधा'च्या वेळी वय जेमतेम बावीस-तेवीस, धि गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, नाटक वसंत कानेटकरांचं, आणि समोर पराशर म्हणून रामदास कामत, ज्यांच्या वाट्याला 'गुंतता हृदय हे', 'देवाघरचे ज्ञात कुणाला', 'साद देती हिमशिखरे' अशी एकापेक्षा एक पदं. आज कुठल्याही कार्यक्रमात ह्यांतलं एखादं तरी असतंच. पण नाटकाचं नाव बघा ना, मत्स्यगंधा म्हणजे सत्यवती, आशालताबाईंनी उभी केलेली नायिका, ते तिच्या नावावर आहे. सत्यवतीची गोष्ट आपल्याला महाभारतातून माहीत असते, धीवराची मुलगी, पराशर ऋषी, अंगाला येणारा माशांचा वास जाऊन सुगंध येणं, मग शंतनू राजा, बापाची अट, देवव्रताची ती भयंकर प्रतिज्ञा, आणि एवढं करून मिळवलेल्या राजवंशात शेवटी वारसच उरत नाही, तेव्हा त्याच भीष्मापुढे पदर पसरायची वेळ. केवढा प्रवास आहे हा! होडी वल्हवणाऱ्या पोरीपासून हस्तिनापूरच्या राजमातेपर्यंत, आणि तोही एका रात्रीत, तीन अंकांत, एकाच बाईने करायचा.

आता तिची दोन पदं शेजारी शेजारी ठेवून ऐका. 'गर्द सभोंती रान साजणी' हे बालकवींचे शब्द. त्यातला तिचा आवाज अगदी मोकळा आहे, थोडा खट्याळ, रानातल्या मुलीचा, शब्द पटपट आणि हलके टाकलेत. आणि मग 'अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा', हे कानेटकरांचं. तीच बाई, तोच गळा, पण आवाजाचं वय वाढलेलं असतं. मी हे पद खूपदा ऐकलंय आणि दरवेळी 'अर्थशून्य' ह्या पहिल्याच शब्दाशी थांबते. एवढा जड शब्द तिने जराही न ठासता म्हटलाय. तक्रारही नाही त्यात. कितीतरी दिवस मनात घोळत असलेली गोष्ट आज सहज तोंडातून निघाली असं वाटतं. ताना घ्यायला जागा आहेत, चांगल्या गायिकेला त्या दिसल्याशिवाय राहणार नाहीत, पण तिने त्या सोडल्यात, कारण सगळं गमावलेली राजमाता ताना घेत बसणार नाही. पुढच्या ओळीत धर्म, न्याय, नीती हे शब्द एकामागून एक येतात आणि ते ती मोजून ठेवल्यासारखे म्हणते, म्हणजे आयुष्यभर ज्यांच्या नावाने सगळे तिच्याशी वागले त्या शब्दांचा हिशोबच मांडतेय. ह्याला मी अभिनय म्हणते, आणि तो नुसत्या आवाजाने केलेला आहे, आज माझ्याकडे चेहरा बघायची सोय नाही तरी तो मला ऐकू येतो.

माझ्या सासूबाईंनी हे नाटक प्रत्यक्ष बघितलंय. त्यांचं माहेर रहिमतपूर, आणि कानेटकर रहिमतपूरला जन्मलेले, त्यामुळे हे आमच्या गावच्या माणसाचं नाटक ह्या हक्काने त्या लग्नाआधी घरच्यांबरोबर पुण्याला जाऊन बघून आल्या. काय बघितलं हे त्यांना आता तुकड्या तुकड्यांनी आठवतं, सेट कसा होता ते काहीच सांगता येत नाही, पण एक गोष्ट त्या नेहमी सांगतात. "आगं, बघून यिस्तवर आम्हाला भीष्म म्हंजे देव वाटायचा, त्या दिवशी पयल्यांदा वाटलं की त्याच्या प्रतिज्ञेपायी ह्या बाईचं किती वाट्टोळं झालं, ते कोण बगनार?" हे त्यांनी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. थिएटरातून बाहेर पडताना, रहिमतपूरच्या एका कॉलेजात न गेलेल्या मुलीच्या मनात महाभारताची बाजूच उलटली. मला विचाराल तर 'मत्स्यगंधा'च्या नायिकेचं मोठेपण सांगायला ही एक साक्ष पुष्कळ झाली.

सासूबाईंची एक गाण्यांची वही आहे. वही म्हणजे शाळेचीच, दोन रेघांची, पुठ्ठा निघालेला आणि दोऱ्याने परत शिवलेला. १९६३ ला सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं आणि आमच्या ह्या पट्ट्यात नाट्यसंगीत घरात ऐकू यायला लागलं, तेव्हाची ती वही. रेडिओवर पद लागलं की त्या पेन्सिलीने उतरवून घ्यायच्या, पण गाणारा काही कुणासाठी थांबत नाही, मग जे सुटलं तिथे तेवढी जागा मोकळी सोडायची आणि पद परत कधी लागेल त्याची वाट बघायची. पुढच्या वेळी ती जागा शाईने भरायची. त्यामुळे वहीत प्रत्येक पद दोन रंगांत आहे, पेन्सिलीत पहिल्यांदा पकडलेलं आणि निळ्या शाईत मागाहून सापडलेलं. 'अर्थशून्य' मात्र अख्खं पेन्सिलीत आहे, एकही जागा मोकळी नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ती सावकाश म्हंती ना, कळतंय सगळं." शब्द कळणं ही काय साधी गोष्ट आहे का? संगीत नाटकात किती मोठमोठ्या गवयांचे शब्द चालीत विरघळून जातात. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून लिहून घेणाऱ्या मुलीला एका दमात अख्खं पद मिळालं, हे त्या गाण्याचं केवढं कौतुक आहे.

आता जरीना. 'कट्यार काळजात घुसली' आलं १९६७ च्या डिसेंबरात, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, नाट्यसंपदाची निर्मिती. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्व गेले होते. मराठी रंगभूमीवर स्त्री म्हणजे काय हे ज्या पुरुषाने ठरवलं तो गेला आणि त्याच वर्षी फैय्याज ह्या बाईंची जरीना आली, हा योगायोगच आहे, पण मला तो कधी विसरता येत नाही.

'कट्यार' म्हणजे वसंतराव. त्यांचे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले रंगमंचावर आले की बाकी सगळ्यांचं काय होत असेल ह्याची कल्पना ते रेकॉर्डिंग ऐकूनच येते, केवढा तो आवेग, केवढी बेफिकिरी. अशा माणसाच्या मुलीचं काम करणं म्हणजे काय? एकतर तुम्ही पार झाकोळून जाल किंवा बरोबरी करायला जाऊन ओरडाल. जरीनाचं काम ह्या दोन्हींच्या मधलं आहे आणि त्यातलं बरंचसं काम ऐकण्याचं आहे. बाप गातोय आणि ती ऐकतेय. गाणं चोरून ऐकणारा सदाशिव घरात आहे आणि ती त्यालाही ऐकतेय. तिला गाण्यातलं सगळं कळतं, बापाच्या गाण्याचं मोठेपण कळतं आणि त्याच बापाच्या मनातला अहंकारही कळतो, आणि ह्या दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी सांभाळायच्यात. प्रेक्षकांत बसलेल्या आपल्यासारख्या माणसाला रागदारी कितीशी समजते? आपण खाँसाहेबांचं गाणं समजून घेतो ते जरीना ते कशी ऐकते त्यावरून. स्टेजवरचा ऐकणारा माणूस जर खोटा वाटला तर गाणाऱ्याचं गाणंही पडतं, नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा. वसंतरावांना एवढे वन्समोअर मिळाले त्यात ऐकणाऱ्या ह्या लेकीचाही वाटा आहे असं मला अगदी पक्कं वाटतं.

आणि मग जेव्हा ती गाते! 'लागी करेजवा कटार', वसंतराव आणि फैय्याज दोघांच्या आवाजात आहे ते. ह्यात फैय्याज बापाशी स्पर्धा करत नाहीत. त्यांचा आवाज किंचित जाडसर, ठुमरी-गझलेच्या वळणाचा, शब्दाच्या टोकाला जरासा थरथरून थांबणारा. वसंतराव जिथे वीज पाडतात तिथे ह्या जमीन दाखवतात, म्हणून ती वीज दिसते. सोलापूरच्या ह्या मुलीने पुढे लावणीपासून गझलेपर्यंत सगळं गायलं, किती वेगवेगळ्या नाटकांत कामं केली, कुसुमाग्रजांच्या 'वीज म्हणाली धरतीला' मधलं 'चार होत्या पक्षिणी त्या' ऐकलं तर तिच्या आवाजातलं एकटेपण कळतं, २०१५ ला बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षही झाल्या. तरीसुद्धा 'कट्यार'चं नाव काढलं की जरीना कोणी केली होती हे आठवायला लोकांना वेळ लागतो. २०१५ ला सिनेमा आला त्यात अमृता खानविलकरने जरीना केली, नव्या मुलामुलींना तीच माहीत आहे आणि तिने ते सुंदर केलंय, पण सिनेमात चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा असतो, ते त्या माध्यमाचं रीतसरच आहे. फैय्याजना दोन्ही स्वतःचंच लागायचं, रोजच्या रोज, प्रयोग मुंबईत असो की एसटीने हाडं खिळखिळी करून पोचलेल्या गावात असो, घसा बसलेला असो की नसो.

गाण्याचा अभिनय करणं हे काही शहरातल्या नाट्यगृहांतच जन्माला आलं असं कुणी समजू नये. साताऱ्याहून वाई किती जवळ, तिथे यमुनाबाई वाईकर होत्या. बैठकीची लावणी काय असते हे त्यांच्यामुळे कितीतरी जणांना कळलं. बसल्या जागी, एकच ओळ घेऊन ती परत परत म्हणायची आणि दरवेळी अर्थ वेगळा, एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा टोमणा, नुसत्या डोळ्यांनी आणि हाताने. त्यांना २०१२ ला पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढे होतं. आमच्या जिल्ह्यात ही विद्या त्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, आणि गावातल्या घरंदाज म्हणवणाऱ्यांनी त्यांना उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. संगीत नाटकात पुढे आलेल्या मुलींना मान मिळाला ह्याचा आनंदच आहे, पण ओळ कशी फिरवायची हे आधी कुणी शोधून ठेवलं होतं ते लिहून ठेवायलाच हवं.

जयमाला शिलेदारांबद्दल लिहिताना मला जरा दडपण येतं, कारण त्यांचं काम सगळ्यात अवघड होतं असं मला वाटतं. आशालता आणि फैय्याज ह्यांना नव्या कोऱ्या भूमिका मिळाल्या, त्यांच्या आधी ती सत्यवती, ती जरीना कुणी केलेलीच नव्हती. जयमालाबाईंच्या वाट्याला आल्या त्या 'सौभद्र'मधली सुभद्रा, 'एकच प्याला'मधली सिंधू, शारदा. ह्यातल्या सिंधूला तर बालगंधर्वांनी असं काही लोकांच्या मनात बसवलं होतं, ते ठिगळाचं लुगडं, तो आवाज, ती मान, की पुढे सिंधू करणाऱ्या खऱ्याखुऱ्या बाईला लोक पुरुषाने केलेल्या बाईशी ताडून बघायचे. काय अवस्था असेल ती! तुम्ही स्वतः बाई आहात, संसार केलाय, मुली वाढवल्यात, आणि तुम्ही बाईसारख्या दिसता का हे ठरवायचं माप एका नटाने घालून दिलेलं. जयमालाबाईंनी स्वतः बालगंधर्वांबरोबर कामं केलेली, त्यांच्या गाण्यावर जीव असलेल्या. त्यांनी ती गायकी टाकली नाही, उलट जिवापाड जपली, पण तिच्या आतली सिंधू त्यांची स्वतःची होती.

आणि हे सगळं कुठे? तर दौऱ्यावर. जयराम शिलेदार आणि जयमालाबाईंनी १९४९ ला 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि संगीत नाटकाचे दिवस भरलेत असं ज्याला त्याला वाटत असताना ती दशकानुदशकं चालवली. साठचं दशक म्हणजे सिनेमा जोरात, गद्य नाटकं जोरात, नव्या संगीत नाटकांनाही चांगले दिवस आलेले, आणि ह्या बाई जुनं 'सौभद्र', जुनं 'एकच प्याला' ट्रंकांत भरून गावोगाव फिरतायत. नवरा, त्या, लता आणि कीर्ती ह्या दोघी मुली, सगळं कुटुंब रंगमंचावर. अशा संसारात आईने रात्री सिंधू करायची, सकाळी पुढच्या गावचं सामान बांधायचं, पोरींची तालीम घ्यायची, हे सगळं कुठल्याही रेकॉर्डवर येत नाही. रेकॉर्डवर येतं ते फक्त पद, साडेतीन मिनिटांचं.

रेकॉर्डवरून आठवलं, बकुळ पंडितांचं 'उगवला चंद्र पुनवेचा'. अत्र्यांच्या 'पाणिग्रहण'मधलं, चाल श्रीनिवास खळ्यांची. ह्याबद्दल मी फार लिहीत नाही, कोजागिरीला ते प्रत्येक गच्चीवर वाजतंच आणि आपली बाजू ते स्वतःच मांडतं.

मला मनापासून खटकतं ते आजकालच्या नाट्यसंगीताच्या मैफिलींत ह्या पदांचं जे होतं ते. गेल्या काही वर्षांत सांगली, सातारा, कऱ्हाड सगळीकडे असे कार्यक्रम होतात, गर्दी होते, तरुण मुली फार तयारीने गातात, त्यांच्या मेहनतीला माझा नमस्कार आहे. पण 'अर्थशून्य'मध्ये ताना भरल्या जातात, दोन्ही हात वर करून तिहाई घेऊन सम गाठली जाते आणि टाळ्या पडतात. अहो, ती बाई आयुष्याला अर्थ नाही म्हणतेय! निवेदक दहा मिनिटं अभिषेकीबुवांच्या आठवणी सांगतो, त्या सांगाव्यातच, पण सत्यवती तेव्हा कुणापुढे उभी आहे, तिचं काय गेलंय, हे एका वाक्यातही सांगत नाही. मुलींना प्रसंग सांगा, नाटक वाचायला द्या. 'मत्स्यगंधा' छापील मिळतं, 'कट्यार' मिळतं. आधी संवाद म्हणा, मग पद म्हणा, तान घ्यायची की नाही ते पात्रच सांगेल. मी आमच्या कॉलनीतल्या गाणं शिकणाऱ्या एका मुलीला असं करून बघायला सांगितलं, सत्यवतीचं भाषण आधी मोठ्याने वाचायला लावलं आणि मग त्याच श्वासात पद, तर तिची लयच आपोआप उतरली. ती स्वतःच म्हणाली की काकू, आता तान घ्यावीशीच वाटत नाही.

२०२० च्या सप्टेंबरात आशालताताई मालिकेच्या शूटिंगसाठी आमच्या सातारा जिल्ह्यात आल्या होत्या. कोरोनाचे दिवस, सगळीकडे धास्ती, त्यांनाही लागण झाली, आणि २२ सप्टेंबरला पहाटे त्या साताऱ्यातच गेल्या. टीव्हीवर दिवसभर बातम्या होत्या, त्यांच्या हिंदी-मराठी सिनेमांतल्या क्लिप, सोशिक आई, प्रेमळ आई, पडद्यावरची आई गेली असं सगळे म्हणत होते. ते खरंच होतं, शंभराच्या वर सिनेमे केले होते त्यांनी. पण आमच्या घरात सासूबाई टीव्हीपुढे बसून एवढंच म्हणाल्या की मत्स्यगंधा गेली. कानेटकर जन्मले ते रहिमतपूर इथून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांनी लिहिलेल्या सत्यवतीने शेवटचा श्वास घेतला तो ह्या गावात. एरवी असतं तर साताऱ्याने शाहू कलामंदिरात त्यांच्यासाठी सभा घेतली असती, माझ्या सासूबाईंसारख्या कितीतरी बायका पदर खोचून आल्या असत्या, कुणीतरी पद म्हटलं असतं. तेव्हा काहीच करता आलं नाही, दारं बंद होती. अजूनही करता येईल की. १ मे ला, म्हणजे नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, नाहीतर २२ सप्टेंबरला साताऱ्यात 'मत्स्यगंधा'चं नुसतं वाचन ठेवलं तरी मी सतरंज्या घालायला येईन.

ज्यांनी ही नाटकं डोळ्यांनी बघितली ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हाचं चित्रीकरण जवळपास नाही, जे आहे ते आवाज, फोटो, आणि ह्या म्हाताऱ्या माणसांच्या तुकड्या तुकड्यांच्या आठवणी. सासूबाईंना मी हल्ली मोबाईलवर बोलतं करते. कशा बसला होतात, बायकांना वेगळ्या खुर्च्या होत्या का, मध्यंतरात काय खाल्लं, बायका आपापसांत काय बोलत होत्या, असलं काहीही विचारते, त्यातूनच मग नाटक निघतं. त्या परवा 'स्वरसम्राज्ञी'वर आल्या. म्हटलं ते १९७२ चं, माझ्या दशकात बसत नाही, तर म्हणाल्या, "तुजं दशक ऱ्हाऊ दे बाजूला, ते आईक आदी."

आणि त्यांचं बरोबर आहे, कारण साठच्या दशकात ह्या बायकांनी जे केलं त्याची फळं त्या नाटकात दिसतात. विद्याधर गोखल्यांचं नाटक, जयमालाबाईंची मुलगी कीर्ती, वय अवघं वीस. भूमिका तमाशात गाणाऱ्या मैनाराणीची, जिला एक गवई शास्त्रीय गाणं शिकवून घडवतो. म्हणजे इथे पात्र बदलतं ते कपड्यांनी नाही की संवादांनी नाही, गाण्यानेच बदलतं. पहिल्या अंकातली लावणी अस्सल फडावरची वाटली पाहिजे आणि शेवटचं गाणं मैफिलीत उभं राहिलं पाहिजे, आणि मधल्या प्रत्येक पदात गळा थोडा थोडा सुधारत गेलेला ऐकू आला पाहिजे, म्हणजे स्वतःला येत असलेलं गाणं आधी लपवायचं आणि मग हळूहळू दाखवायचं. विसाव्या वर्षी! सासूबाई म्हणतात त्यांना शेवटच्या गाण्यापेक्षा मधलं जास्त आवडलं होतं, जिथे मैनाराणीला सूर सापडतोय पण अजून पुरता सापडलेला नाही. ते मुद्दाम कच्चं गाणं कीर्तीताईंनी कसं बसवलं असेल, ते जयमालाबाईंनी घरी शिकवलं की रंगमंचावर मुलीला आपसूक सुचलं, ह्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.